घरातील कुत्री आणि पुढची पिढी

प्रश्न: आमच्या घरात आजोबांच्या काळापासून कुत्री सांभाळली जात आहेत. सध्याच्या म्हाताऱ्या कुत्रीला ऐकू येत नाही, तरीही माझी मुलगी शाळेतून येण्याच्या वेळी ती दाराशी जाऊन बसते. ही कुत्री गेल्यानंतर लगेच दुसरे पिल्लू आणावे का?

उत्तर १: मुलीला आधी मनसोक्त रडू द्यावे. ‘ती झोपली’ असे न सांगता मृत्यू स्पष्ट शब्दांत सांगावा, कारण एरवी लहान मुले झोपेलाच घाबरू लागतात.

उत्तर २: माणूस आणि कुत्र्याचे हे नाते फार जुने आहे. जर्मनीतील बॉन-ओबरकासेल येथे १९१४ मध्ये सापडलेल्या, सुमारे १४,००० वर्षांपूर्वीच्या दफनात एका स्त्री-पुरुषासोबत पिल्लूही होते. दातांवरील खुणांवरून ते गंभीर आजारी होते आणि माणसांनी शुश्रूषा केल्यामुळेच काही आठवडे तगले, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. उपयोगाचा प्राणी म्हणून कोणी एवढे करत नाही, असे मला ठामपणे वाटते.

उत्तर ३: पिल्लाचा विचार सध्या बाजूला ठेवावा. कुत्रीला ऐकू येत नसल्याने मागून अचानक हात न लावता, समोर येऊन आधी हात हुंगू द्यावा, हे मुलीला आजच शिकवा.