दशावतार पाहिला, आता पुढे काय बघू?

घोडबंदरकरीण: काल आईबाबांसोबत दशावतार सिनेमा पाहिला आणि अजून डोक्यातून जातच नाहीये, दिलीप प्रभावळकरांचा जन्म १९४४ चा, म्हणजे २०२५ ला सिनेमा आला तेव्हा ८१ वर्षांचे, आणि तरी बाबुली मेस्त्री काय उभा केलाय! नजर अधू झालीय पण तोंडाला रंग लागला की माणूसच बदलतो. बाबा मूळचे कुडाळचे, मृदंग वाजायला लागला की त्यांचा पाय आपोआप ठेका धरत होता. असंच घरी सगळ्यांना बघता येईल असं सुचवा ना, ठाण्यात पाऊस आहे, बाहेर कुठे जाणार.

कोपरीचा दादा: ताई, 'आता थांबायचं नाय' हा सिनेमा बघा, आजच! मुंबई महापालिकेचे सफाई कामगार रात्रशाळेत जाऊन दहावीला बसतात, खऱ्या घटनेवर आहे. भरत जाधव म्हणजे आपल्याला कॉमेडीच आठवते, इथे बघा. माझी आत्या लग्नानंतर रात्रशाळेत शिकली, पोळ्या उरकून वही पदराखाली धरून निघायची, त्यामुळे मला तर रडूच आवरेना.

नेरूळवाली: वाळवी राहिलाय का? २०२३ चा, परेश मोकाशींचा, सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालाय. स्टोरी आधी कुणाकडून ऐकू नका प्लीज. मालिका हवी तर 'ठरलं तर मग', सासूबाई त्यातल्या सायलीसाठी जेवण लवकर आटपतात आणि आता मीपण शेजारी बसते.

घोडबंदरकरीण: वाळवी राहिलाय! पण आधी रात्रशाळेवाला, आई स्वतः शिक्षिका होती.