मदत हवी आहे: दोनदा मेटिंग करूनही आमची कुत्री टिकली गाभण राहिली नाही. या हीटला (माजाला) नेमका दिवस कसा ओळखायचा?

झुळूक:
नमस्कार मंडळी. आज टिकलीला रक्त दिसू लागल्याचा सहावा दिवस आहे, म्हणून घाईघाईत धागा काढतेय. शुद्धलेखन पोटात घाला.

टिकली आमची लॅब्रॉडॉर, वय सव्वातीन वर्षं. पहिली हीट दहाव्या महिन्यात आली, नंतर साधारण सात-सात महिन्यांनी येते. दोन वर्षांची झाल्यावर पहिल्यांदा मेटिंग केलं. नराच्या मालकांनी सांगितलं होतं, अकरावा आणि तेरावा दिवस. दोन्ही दिवशी नेलं. अकराव्या दिवशी ती बसूनच राहिली, तोंडही धरावं लागलं (आता आठवलं की लाज वाटते). तेराव्या दिवशी मात्र वीसेक मिनिटं दोघं अडकले होते (मेटिंगमध्ये नर-मादी काही वेळ जोडलेले राहतात ते). आम्ही खूश. दोन महिन्यांनी तिला दूध आलं, ती पलंगाखाली चादरी उकरू लागली, सॉफ्ट टॉय तोंडात धरून फिरायला लागली. पिल्लं काही नाहीत! पुढच्या हीटला तेच दिवस, तोच नर, तोच निकाल.

प्रश्न: (१) दिवस चुकतोय की टिकलीतच काही दोष आहे? (२) योग्य दिवस घरच्या घरी कळतो का? (३) माणसांसाठी मिळणारी, ओव्ह्युलेशन (बीज बाहेर पडणं) ओळखणारी किट चालते का? कुणीतरी तसं सुचवलंय.

वाटसरू_२:
दहा ते चौदा या दिवसांत एक दिवसाआड नेत राहा, काम होतं. आमच्याकडे दोन्ही वेळा बाराव्या दिवशीच झालं. फार टेस्टच्या नादी लागू नका.

आजोबा_ऑनलाइन:
गाईचा माज ओळखण्यात आमची हयात गेली. गाय दर एकवीस दिवसांनी माजावर येते. आज उलटली तर तीन आठवड्यांनी पुन्हा संधी. कुत्रीचं तसं नाही, एकदा हुकलं की सहा-सात महिने थांबा. त्यामुळे वाटसरू म्हणतात तसं अंदाजावर सोडू नये असं मला वाटतं. आणि कुत्री बसून राहते, तोंड धरावं लागतं, म्हणजे तिची वेळ झालेली नाही. जनावर सांगत असतं हो, आपण ऐकत नाही.

लांबकान:
पशुवैद्य आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तिसरा प्रश्न: माणसांची किट चालत नाही. ती माणसाच्या संप्रेरकासाठी बनवलेली असते, कुत्रीचं एलएच (बीज बाहेर पडायला लावणारं संप्रेरक) तिला ओळखता येत नाही. पैसे वाया.

आता मुख्य मुद्दा. 'रक्त दिसल्यापासून अमुक दिवस' हे गणित मुळातच कच्चं आहे. रक्तस्रावाचा पहिला टप्पा सरासरी नऊ दिवसांचा, पण काहींचा तीन दिवसांत आटपतो, काहींचा सतरापर्यंत जातो. मादी नराला उभी राहते तो दुसरा टप्पाही सरासरी नऊ दिवसांचाच, आणि त्यातही तितकीच ओढाताण. शिवाय पहिला दिवस कोणता? टिकली सारखं चाटून स्वच्छ करत असेल तर तुम्हाला थेंब दिसायच्या आधीच दोन-तीन दिवस निघून गेलेले असतात. एकाच मादीचं वेळापत्रकही दर हीटला सारखं राहीलच असं नाही.

दुसरी गंमत अशी, की बहुतेक जनावरांत बीज पिकून बाहेर पडतं, कुत्रीचं कच्चंच पडतं. एलएच उसळतं, त्यानंतर दोनेक दिवसांनी ओव्ह्युलेशन होतं, आणि मग बीज नळीत आणखी दोन-तीन दिवस पिकत राहतं. फलन होतं ते त्यानंतर. म्हणजे खरी वेळ एलएच उसळल्यानंतरचा चौथा ते सातवा दिवस. हे एलएच उसळलं कधी, ते शेपूट बाजूला घेण्यावरून किंवा स्रावाच्या रंगावरून दिवसाच्या हिशेबाने कळत नाही.

कळतं ते रक्तातल्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकावरून. सुरुवातीला ते १ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असतं, एलएचच्या सुमारास २ च्या आसपास येतं, ओव्ह्युलेशनच्या वेळी साधारण ५ ते ८ होतं. सातव्या-आठव्या दिवसापासून दोन-तीन दिवसांआड तपासायचं. सोबत योनीतल्या पेशींचा स्मिअर (काचेवर पसरलेला नमुना) बघतात. पेशी जवळजवळ सगळ्या चपट्या, कडक झालेल्या दिसल्या की मादी माजात आहे हे नक्की, पण ओव्ह्युलेशन आज की चार दिवसांनी हे स्मिअर आधी सांगत नाही. म्हणून दोन्ही करा.

आणि ते दूध म्हणजे खोटं गर्भारपण. हीटनंतर प्रोजेस्टेरॉन दोन महिने चढलेलंच राहतं, गर्भ असो वा नसो. उतरताना प्रोलॅक्टिन हे दूध आणणारं संप्रेरक वाढतं आणि कुत्रीला वाटतं आपण आई झालो. तो आजार नव्हे.

काळी_मांजर:
लांबकान, हे उत्तर जपून ठेवलंय. माझ्या कुत्रीला रक्त दिसतच नाही, सगळं गुपचूप. गल्लीतले बोके… सॉरी, बोके नव्हे, कुत्रे दाराशी येऊन बसले की आम्हाला कळतं. आयडी मांजराचा असल्याचे तोटे.

झुळूक:
आभार! टिकली खूपच चाटते, म्हणजे पहिला दिवस माझाच चुकत असणार. पण शंका आहे. शुक्रजंतू आठवडाभर जगतात असं वाचलं. मग तेराव्या दिवशीचे पुढे उपयोगी पडायला हवे होते ना?

लांबकान:
निरोगी, ताज्या वीर्यातले पाच ते सात दिवस टिकू शकतात, म्हणूनच अंदाजपंचे केलेली मेटिंगही कधीकधी लागू पडते (वाटसरूंचा बारावा दिवस असाच). पण पाचव्या-सहाव्या दिवशी उरतात किती आणि कसे, ते नरावर अवलंबून. दोन्ही वेळा नर एकच होता ना? त्याचं वीर्य तपासलंय का कुणी? नराला ताप येऊन गेला असेल तर पुढचे दोनेक महिने प्रत घसरलेली राहते. नेहमी मादीलाच दोष देतात लोक. दोघांची ब्रुसेला (एक जिवाणूजन्य आजार) तपासणीही मेटिंगआधी करून घ्या. मेटिंगमधून पसरतो, गर्भ पडतो, माणसालाही होऊ शकतो.

अडगुलं:
थोडं कडू बोलते, राग मानू नका. पिल्लं का हवीत? 'एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत, तब्येतीला बरं असतं' यात तथ्य नाही. आणि हीटनंतर चार ते आठ आठवड्यांत पाणी जास्त पिणं, उलट्या, मरगळ, घाण वास येणारा स्राव यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. गर्भाशयात पू झालेला असू शकतो. आमची म्हातारी त्यातून ऑपरेशनने कशीबशी वाचली. स्राव बाहेर येत नसेल तर जास्त धोका, कारण दिसत काहीच नाही.

झुळूक:
अडगुलं, राग कसला. तिचे नितंबाचे एक्स-रे आणि डोळे तपासून झालेत, पिल्लांसाठी चार घरं आधीपासून थांबली आहेत, आणि या वेळी नाही झालं तर पुन्हा करणार नाही, तिचं नसबंदीचं ऑपरेशन करून टाकू. हे घरात ठरलंय. ब्रुसेला दोघांची निगेटिव्ह आली. नराच्या मालकांनी कुरकुर करत वीर्य तपासलं, ठीक आहे.

अपडेट: आज चौदावा दिवस. नवव्या आणि बाराव्या दिवशीचे प्रोजेस्टेरॉनचे आकडे खालीच होते. आज ५.८ आला! म्हणजे ओव्ह्युलेशन झालं ना? उद्याच नेऊ का? शेपूटही बाजूला घेतेय, रंगही पिवळसर झालाय.

लांबकान:
थांबा. रिपोर्टवर एकक काय आहे?

झुळूक:
नॅनोमोल प्रति लिटर असं लिहिलंय. फरक पडतो?

लांबकान:
तिपटीहून जास्त. ३.१८ ने भागा. ५.८ म्हणजे १.८ नॅनोग्रॅम, म्हणजे ओव्ह्युलेशन नाही, एलएच आत्ता कुठे उसळतंय. बरेच जण इथेच फसतात. परवा पुन्हा तपासा, त्याच प्रयोगशाळेत. शेपूट, रंग या खुणा चांगल्याच, पण त्या चार-पाच दिवस आधीपासूनही दिसू शकतात, आणि काहींचा स्राव शेवटपर्यंत लालच राहतो.

वाटसरू_२:
हे एककाचं माहीत नव्हतं. माझा सल्ला मागे घेतो.

झुळूक:
सोळावा दिवस: १९. भागाकार केला, ६ आला!

लांबकान:
आता झालं. आज ओव्ह्युलेशन धरा. परवा, अठराव्या दिवशी न्या, आणि एक दिवस सोडून विसाव्या दिवशी. नराकडे मादीनेच जायचं, तो आपल्या जागेत बिनधास्त असतो. अडकले की ओढाताण करू नका, पाच मिनिटांपासून पाऊण तासापर्यंत लागू शकतं, फक्त दोघांना धरून शांत ठेवा. घरी आल्यावरही आठवडाभर पट्टा सोडू नका. दुसरा नर भेटला तर एकाच वेतात दोन बापांची पिल्लं होतात.

झुळूक:
दोन्ही मेटिंग झाल्या. या वेळी तोंड धरावं लागलं नाही, स्वतःहून उभी राहिली. पहिल्यांदा पंचवीस मिनिटं, दुसऱ्यांदा बारा. बारा कमी तर नाहीत ना? सोनोग्राफी कधी करू?

लांबकान:
बारा पुरेशी आहेत. सोनोग्राफी ओव्ह्युलेशननंतर चार आठवड्यांनी. गर्भ आहेत की नाही ते कळेल, नेमके किती ते विचारू नका. मोजायचे असतील तर पंचावन्न दिवसांनंतर एक्स-रे. आणि प्रोजेस्टेरॉन पुन्हा तपासून 'गाभण आहे का' विचारू नका, ते दोन्हीकडे सारखंच असतं.

आजोबा_ऑनलाइन:
उभी राहिली स्वतःहून, हे वाचून बरं वाटलं. व्यायची तारीख कशी धरता?

झुळूक:
पहिल्या मेटिंगपासून त्रेसष्ट दिवस मोजून भिंतीवरच्या कॅलेंडरवर फुली मारलीय, आजोबा.

लांबकान:
त्रेसष्ट ओव्ह्युलेशनपासून धरा, एखाद-दोन दिवस इकडे-तिकडे. मेटिंगपासून मोजलं तर सत्तावन्न ते बहात्तर काहीही निघू शकतं.

झुळूक:
फुली दोन दिवस अलीकडे सरकवली.