'बाहेरचा माणूस' या विषयावर काय वाचू, काय बघू? (नाशिक, वाचनकट्ट्यासाठी) सुचवा

शिरपूर_ते_सिडको
नमस्कार मंडळी. आमचा सिडकोत छोटा वाचनकट्टा आहे, दहा-बारा जण, महिन्यातून एकदा कुणाच्या तरी हॉलमध्ये बसतो, चहा-पोहे आणि गप्पा. पुढच्या महिन्याला 'बाहेरचा माणूस' हा विषय मी सुचवला, कथा-कादंबरीतला पण आणि राजकारणातला पण. सुचवला म्हणून आता यादी पण मीच करायची असं ठरलंय, भोगा.

विषय का सुचला ते सांगून टाकतो. मी मूळचा शिरपूरकडचा, नाशकात २२ वर्षं झाली. सोसायटीत पाण्याची मोटर बंद पडली की फोन मला, गणपतीची वर्गणी मी फिरून गोळा करतो, लिफ्टवाल्याशी भांडायला पण मीच. यावेळी सेक्रेटरीसाठी नाव दिलं तर मीटिंगमध्ये एक काका, ज्यांचा सिलेंडर मी लिफ्ट बंद असताना खांद्यावर चौथ्या मजल्यावर नेलाय, अगदी शांतपणे म्हणाले, "माणूस चांगलाय हो, पण बाहेरचे ना ते." कुणी काही बोललं नाही. मी सारवासारव करायला गेलो तर घाईत तोंडातून 'आहे'च्या जागी आमच्या अहिराणीतलं 'शे' निघालं, मग दोघं हसले. डोमिसाइलला १५ वर्षं पुरतात, आमच्या सोसायटीला २२ पुरत नाहीत.

मराठी असेल तर उत्तम. दोन पुस्तकं, एखादा सिनेमा, आणि राजकारणातले खरे किस्से. फक्त रडगाणं नको.

गोदाकाठची
बाबूराव बागूल. दुसरं काही वाचलं नाही तरी चालेल. 'जेव्हा मी जात चोरली होती', १९६३चा संग्रह, त्यातली त्याच नावाची कथा. माणूस रेल्वेच्या नोकरीसाठी गुजरातमध्ये उधन्याला जातो, खोली भाड्यानं हवी असते, आणि जात सांगितली तर खोली मिळणार नाही म्हणून लपवतो. पुढचं सांगत नाही. कामावर तो सगळ्यांना चालतो, हुशार म्हणून कौतुक पण होतं, आणि त्या कौतुकानंच वाचताना पोटात गोळा येतो कारण आपल्याला माहितीये हे कशावर उभंय.

आणि बागूल आपल्या विहितगावचे, बरं का. नाशिकरोडला जाता येता तो बोर्ड हजारदा वाचलाय आणि हे मला वयाच्या तिसाव्या वर्षी कळलं, लाज वाटली.

रिकामा_तांब्या
कामूचं 'आउटसायडर' घ्या की, नावातच विषय आहे. १९४२चं पुस्तक, छोटंसं, दोन बसण्यात संपतं.

गोदाकाठची
@रिकामा_तांब्या नावावर जाऊ नका हो. त्यातला मेर्सो अल्जियर्समधला फ्रेंच आहे, म्हणजे राज्य ज्यांचं त्यांच्यातलाच एक. तो मनानं परका असेल, पण ज्या अरबाला तो गोळी घालतो त्याला अख्ख्या पुस्तकात नाव नाहीये. स्वतःच्या मुलुखात बिननावाचा! बाहेरचा कोण मग? हाच प्रश्न धरून कामेल दाऊद या अल्जेरियन लेखकानं २०१३मध्ये कादंबरी लिहिली, मेलेल्या माणसाच्या भावाच्या तोंडून, आणि तिथं त्या अरबाला नाव मिळालं, मुसा. दोन्ही जोडीनं वाचणार असाल तर माझं पण मत कामूला.

जुना_टेप
लक्ष्मण मानेंचं 'उपरा' कुणीच कसं म्हटलं नाही अजून? १९८०चं, पुढच्या वर्षी साहित्य अकादमी. कैकाडी समाज, टोपल्या विणायच्या, गाढवांवर बिऱ्हाड, आज या गावाबाहेर उद्या त्या गावाबाहेर. पोराला शाळेत घालायचं म्हटलं की गाव पण वाकडं बघतं आणि स्वतःची जातपंचायत पण, दोन्हीकडून उपरा. जोडीला लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या'. त्यात सरकारनंच बाहेरचं ठरवलेली माणसं आहेत. इंग्रजांनी १८७१च्या कायद्यानं अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं, पोलिसांकडे हजेरी लावायची, गाव सोडायचं तर परवानगी. कायदा गेला १९५२ला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर आणखी ५ वर्षांनी. या दोन पुस्तकांत राजकारण आणि साहित्य असे दोन कप्पे करावे लागणार नाहीत तुम्हाला.

पडदा_पडला
सिनेमासाठी 'कोर्ट', चैतन्य ताम्हाणेचा, राष्ट्रीय पुरस्कारवाला. खटला एका लोकशाहिरावर आहे, पण तुमच्या विषयाचा सीन वेगळाच आहे. सरकारी वकील बाई, दिवसभर कोर्टात कलमं वाचतात, घरी स्वयंपाक करतात, आणि सुटीच्या दिवशी कुटुंबाला घेऊन मराठी नाटकाला जातात. नाटकात बाप मुलीच्या परप्रांतीय मित्राला घराबाहेर काढतो आणि थिएटर हसतंय, टाळ्या वाजवतंय, या बाई पण मजेत बघतायत. कॅमेरा काही सांगत नाही, नुसता बसून राहतो. मी घरी बघताना त्या नाटकातल्या एका डायलॉगला हसलो आणि मग गप्प झालो. कट्ट्यावर तेवढाच तुकडा लावला तरी तासभर भांडण होईल याची गॅरंटी.

गावठाणवाला
सगळं वाचतोय. माझं थोडं उलटं आहे, राग मानू नका. तुम्ही ज्याला सिडको म्हणता ना ती आमची शेतं होती. मोरवाडी, उंटवाडी, कामटवाडे ही कॉलन्यांची नावं नव्हती, गावं होती. आजोबांची जमीन संपादनात गेली, जिथं आमची विहीर होती तिथं आता मेडिकल आणि झेरॉक्सचं दुकान आहे आणि तिथला पोऱ्या मला विचारतो, "काका, कुठून आलात?" तेव्हा 'बाहेरचे' हा शब्द दर वेळी माजातूनच येतो असं नाही, कधी कधी हातातून गेलेलं बोलतं. याच्यावर पण काही असेल तर सुचवा कुणीतरी.

शिरपूर_ते_सिडको
@गावठाणवाला राग कसला, हे बोललात ते बरं केलं. मी ज्या बिल्डिंगमध्ये राहतो तिच्याखाली कुणाचं काय होतं हे मी २२ वर्षांत एकदा पण विचारलं नाही, खरं सांगतो. पण आमचे ते काका तुमच्यातले नाहीत हो. ते पुण्याहून आलेत, माझ्यानंतर ४ वर्षांनी!

गावठाणवाला
हा हा हा. मग विषयच संपला.

दुसरी_शिफ्ट
राजकारणातलं विचारताय तर लांब कशाला जायचं, आपली सातपूर-अंबडची एमआयडीसी, फेब्रुवारी २००८. मनसेचं आंदोलन पेटलं, उत्तर भारतीय कामगार घाबरून निघाले, नाशिकरोड स्टेशनवर गर्दी मावत नव्हती. मी तेव्हा एका कंपनीत (नाव नको) प्रेस शॉपला सुपरवायझर. सकाळी गेलो तर ११ पैकी ७ मशीन बंद. एका हेल्परचा डबा लॉकरवर तसाच राहिला होता, त्यात कांदा आणि मिरची. मालक मीटिंगमध्ये 'भूमिपुत्र' म्हणत होता आणि बाहेर येऊन ठेकेदाराला फोन करत होता की पोरं परत कधी आणतोस. कारण इथल्या पोरांना तो पगार परवडत नव्हता आणि त्याला इथल्या पोरांचा. दोघांचं पण खरं होतं. ते कुठल्या पुस्तकात असेल तर मला माहीत नाही, मी आपलं डोळ्यानं बघितलेलं सांगितलं.

कलम_बहाद्दर
कायद्यातलं थोडं माझ्याकडून. देशात कुठंही राहायचा हक्क घटनेच्या १९व्या कलमातच आहे. लोकसभेला उभं राहायचं तर एखाददुसरा अपवाद सोडला तर देशातल्या कुठल्याही मतदारसंघाचे मतदार असलात तरी चालतं, विधानसभेला त्याच राज्यातले असलात की झालं. राज्यसभेला पूर्वी त्या राज्याचे मतदार असणं लागायचं, ती अट २००३ला काढली. म्हणजे 'बाहेरचा उमेदवार' हे कायद्यात बसत नाही, पोस्टरवर बसतं.

आता नाशिकचाच किस्सा. यशवंतराव चव्हाण, जन्म देवराष्ट्रेचा, राजकारण कराडचं. १९६२च्या शेवटी चीनच्या युद्धात संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, लोकसभेची जागा हवी होती. १९६३ला नाशिकनं पोटनिवडणुकीत बिनविरोध पाठवलं. बिनविरोध! कुणी म्हटलं नाही की साताऱ्याकडचा माणूस आमच्या गोदावरीवर कशाला.

आणि त्याच नाशकात २ मार्च १९३०. काळाराम मंदिराचा सत्याग्रह, बाबासाहेब, दादासाहेब गायकवाड. दाराबाहेर जी माणसं उभी होती त्यातली कितीतरी याच जिल्ह्यातली, पिढ्यान् पिढ्यांची, दादासाहेब तर दिंडोरीकडचे. रामनवमीला रथ ओढण्यावरून दगडफेक झाली. पुढं काही वर्षं लढा चालला, दार काही उघडलं नाही, आणि ऑक्टोबर १९३५ला येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली. म्हणजे कराड चाललं आणि दिंडोरी चाललं नाही. अंतर मोजून हे होत नाही साहेब. वरून खाली येणारा पाहुणा असतो, खालून वर चढायला लागला की तो बाहेरचा. तुम्ही मोटर दुरुस्त करत होता तोवर 'आपले' होता, खुर्ची मागितलीत तिथं घोटाळा झाला.

रिकामा_तांब्या
सोनिया गांधींचं पण घ्या ना मग. १९९९ला विदेशी मूळ म्हणून पवार, संगमा, तारिक अन्वर बाहेर पडले, राष्ट्रवादी काढली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात महाराष्ट्रात त्याच काँग्रेसबरोबर सरकार. परकेपणाची एक्सपायरी चार-पाच महिने.

कलम_बहाद्दर
@रिकामा_तांब्या हे चांगलं आहे, पण त्यावर कट्टा घेतलात तर पुस्तक बाजूला राहील आणि पोह्यांच्या बशा उडतील. दादाभाई नौरोजी घ्या त्यापेक्षा. १८८८ला ब्रिटनचा पंतप्रधान सॉल्सबरी जाहीर सभेत त्यांना 'काळा माणूस' म्हणाला, इंग्रज मतदार असल्याला निवडून देणार नाहीत असा सूर. १८९२ला दादाभाई लंडनच्या फिन्सबरीतून निवडून आले. ५ मतांनी.

जुना_टेप
५ मतं म्हणजे आमच्या सोसायटीतलं एक घर आणि त्यांचे पाहुणे.

शिरपूर_ते_सिडको
मंडळी, खूप दिलंत. सध्या असं ठरवतोय, बागुलांची ती कथा सगळ्यांनी वाचून यायची, 'उपरा' ज्याला जमेल त्यानं, 'कोर्ट'मधला नाटकाचा तुकडा माझ्या टीव्हीवर लावू. काळाराम आणि यशवंतराव एकत्र मांडायला @कलम_बहाद्दर स्वतः येणार असतील तर सोन्याहून पिवळं. कामू पुढच्या वेळी. @गावठाणवाला तुम्ही या आणि ती विहीर नेमकी कुठं होती ते दाखवा, आम्ही आधी तिथं चालत जाऊ आणि मग बसू. @दुसरी_शिफ्ट डब्याचं परत एकदा सांगाल का समोर, लिहिलंय त्यापेक्षा जास्त आहे त्यात असं वाटतंय.

बागुलांचं पुस्तक माझ्याकडे नाहीये, सावानात (सार्वजनिक वाचनालयात) बघतो, कुणाकडे असेल तर त्रिमूर्ती चौकात येऊन घेऊन जाईन.

गोदाकाठची
माझी प्रत घ्या. मुखपृष्ठ गेलंय आणि मधे पेन्सिलच्या खुणा आहेत, त्या खोडू नका. शनिवारी संध्याकाळी चालेल.

दुसरी_शिफ्ट
येतो. सांगेन, पण लिहून आणणार नाही. निवडणुकीचं काय झालं मग?

शिरपूर_ते_सिडको
रविवारी आहे. नाव मागे घेतलेलं नाही. थांबा जरा, काकांचाच फोन येतोय, वर पाणी चढत नाहीये म्हणे, बघून येतो.