अंगावर चरबी असली की थंडी कमी वाजते का? तुमचे अनुभव लिहा

"तुला काय, अंगभर गोधडी आहे!" गारठा पडला की हे मला ठरलेलं. प्रत्यक्षात एसीच्या झोताखाली सगळ्यांत आधी शाल माझीच निघते. जाडे-बारीक सगळेच लिहा, वजनाचा आकडा सांगायची सक्ती नाही.

काडीपैलवान: हवेत फारसं जाणवत नाही, पाण्यात मात्र फरक चांगलाच कळतो. गार तलावात थोड्याच वेळात माझे ओठ निळे, दातावर दात. शेजारी आमचा गुटगुटीत मित्र उताणा तरंगत गप्पा मारतोय! पाणी हवेच्या साधारण 25 पट उष्णता ओढून नेतं, तिथे चरबीचा थर कामी येतो. 1984 मध्ये आइसलंडजवळ एक मासेमारी बोट उलटली. 5-6 अंशांच्या पाण्यात तासन् तास पोहून गुदलाउगुर फ्रिदथोरसन एकटाच किनाऱ्याला लागला, बाकीचे चौघे गेले. नंतर तपासलं तर त्याची चरबी सर्वसाधारण माणसाच्या दुप्पट-तिप्पट जाड निघाली.

दोन स्वेटरवाली: वजन उतरवल्यापासून थंडी हाडांत शिरलीय. लाकडी खुर्चीवर बसलं की आधी गार लागतं, मग टोचतं. हे कुणी सांगितलं नव्हतं! थायरॉइड, हिमोग्लोबिन तपासून झालं, दोन्ही ठीक. खाणं कमी केलं की शरीर उष्णता तयार करण्यातही काटकसर करतं म्हणे.

उगाच एक: आमच्याकडे जाडा घोरतो, बारीक पांघरूण पळवते. शास्त्र काहीही म्हणो.

रात्रपाळी: धागाकर्ती, तुमची शाल अगदी रास्त आहे. थंडी वाजल्याची पहिली वर्दी कातडी देते. चरबी ऊब आत अडवते, म्हणून वरची कातडी उलट गारच राहते. पोटाच्या वळीवर हात ठेवून बघा. शिवाय बोटांवर चरबी कितीशी असणार? ऊब तयार करायचं काम मुख्यतः स्नायूंचं, कुडकुडणं म्हणजे त्यांचाच ओव्हरटाइम. वजन सारखं असलं तरी कमावलेल्या अंगाचा माणूस म्हणूनच जास्त तग धरतो.

काडीपैलवान: आणि ती तपकिरी चरबी? ती जळून ऊब देते ना?

रात्रपाळी: देते. तान्ह्या बाळांना नीट कुडकुडता येत नाही, त्यांची भिस्त तिच्यावरच. मोठ्यांतही ती मानेशी, गळपट्टीच्या हाडांवर असते, पण थोडीच. पोटावरची ती नव्हे.

दोन स्वेटरवाली: म्हणजे गेलेले किलो परत आणून उपयोग नाही. व्यायामशाळेत नाव घालते, स्वेटरसकट.