व्ही-क्रॉसमागे १,४०० किलोचा ट्रेलर: पाटे वाढवू की एअर बॅग टाकू?

मुलुंडकर_७९
नमस्कार मंडळी. गाडी इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस, पिकअप. तिच्यामागे ओढायला फिरतं घर बांधून घेतलं: दोन बंक, मागच्या भिंतीला ओटा, ओट्याखाली १२० लिटरची टाकी. बांधणारा म्हणाला होता, ‘हजार किलोच्या आत बसवतो.’ काट्यावर भरलं १,४००. त्याच्याशी भांडून झालंय, तो विषय नको. सोसायटीत पार्किंगवरून जे चाललंय तोही नको.

पहिली ट्रिप भंडारदरा. डिसेंबरात पहाटे साडेतीनला निघालो. घोटी सोडल्यावर समोरून येणारा प्रत्येक जण डिपर मारायला लागला. उतरून बघतो तर गाडीचं बूड खाली, नाक वर, हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर. येताना त्याहून वाईट. कसारा घाट उतरून शहापूरकडे ऐंशीने येत होतो, शेजारून कंटेनर गेला आणि ट्रेलर शेपूट हलवायला लागला. स्टेअरिंग हातात असून नसल्यासारखं. बायकोने जाहीर केलंय, ‘पुढच्या वेळी मी लोकलने कसाऱ्याला येते, तू ये मागून.’

ठाण्याचा गॅरेजवाला म्हणतो, मागच्या चाकांवर दोन्ही बाजूंना स्प्रिंगचे दोन-दोन पाटे (लीफ स्प्रिंग) वाढवतो. सीएसटी रोडवरचा दुकानदार म्हणतो, एअर बॅग टाका, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलवर गाडीला आधार देणारे हवेचे रबरी फुगे. मेहुणा म्हणतो, लिफ्ट किट लावून गाडीच उंच कर. काय करू?

पाटेवाला_कुर्ला
मेहुण्याला आधी बाजूला बसवा. उंच केलेली गाडी आणखी डुलेल.

वडिलांचं पाट्यांचं दुकान होतं, शाळेत असल्यापासून यू-बोल्ट आवळतोय. तरी सांगतो, आत्ता पाटे घेऊ नका. टेम्पोवाले पाटे वाढवतात, कारण त्यांचा माल पाट्यांच्या डोक्यावर असतो. तुमचं वजन पाट्यांच्या मागे सव्वा मीटरवर लटकतंय. बागेतला सी-सॉ आठवा. तुमचा व्हीलबेस ३,०९५ मिलिमीटर. हुकावर समजा १९० किलो आले, तर पुढची चाकं सुमारे ७७ किलोने हलकी होतात आणि मागच्यांवर १९० अधिक ७७, म्हणजे २६७ पडतात. हेडलाइट वर गेले ते त्यामुळे, आणि स्टेअरिंग हलकं लागलं त्यातही याचा वाटा आहे.

पाटे वाढवले की बूड वर येईल, गाडी फोटोत सरळ दिसेल. ते ७७ किलो मात्र पुढे परत येणार नाहीत. एअर बॅगचंही तेच. आणि पाटा जाड केला म्हणून अ‍ॅक्सलचं बेअरिंग जाड होत नाही, टायर मोठा भार घ्यायला लागत नाही. मॅन्युअलमधली मर्यादा तीच राहते.

अमेरिकेत यावर वेगळं हूक वापरतात. दोन स्प्रिंगच्या दांड्या ट्रेलरच्या फ्रेमला ताणून बसवतात, त्या मागचा थोडा भार पुढच्या चाकांवर आणि ट्रेलरच्या चाकांवर ढकलतात. पण तुमचं हूक गॅरेजात वेल्ड केलेलं असेल तर त्याला असला ताण देऊ नका, उपटून येईल.

शेपूट हलवणं हा मात्र वेगळाच आजार. मला एवढंच सांगा: टाकी ट्रेलरच्या अ‍ॅक्सलच्या पुढे की मागे? आणि येताना भरलेली होती का?

मुलुंडकर_७९
मागे. अगदी मागे. जाताना रिकामी होती. येताना भरलेली, भंडारदऱ्याच्या शेंडी गावात भरली आणि रिकामी करायची राहिली. शिवाय मुलांच्या दोन सायकली मागच्या रॅकवर. जाताना त्या आत होत्या.

पाटेवाला_कुर्ला
मग सापडला चोर. हुकावर ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार हवा. मागे पाणी आणि सायकली टांगल्या की ट्रेलर हूक वर उचलायला बघतो, आणि वेगात डुलतो. घरीच मोजा. सपाट जमिनीवर एक जाड फळी घ्या. एका टोकाखाली वीट, दुसऱ्या टोकाखाली वजनाचा काटा. ट्रेलरच्या दांडीचा टेकू विटेपासून एक तृतीयांश अंतरावर ठेवा. काटा दाखवेल त्याची तिप्पट म्हणजे हुकावरचा भार. चाकांना अडणी लावायला विसरू नका, माझ्या पायाच्या अंगठ्याला विचारा.

बोरिवली_ते_बोर्डी
माझ्याकडे एअर बॅग आहेत, दोन पावसाळे झाले. सोय अशी की ट्रेलर सोडला की हवा काढता येते, पाटे वाढवलेली गाडी मात्र रिकामी असताना प्रत्येक स्पीडब्रेकरला लाथ मारते. गैरसोय अशी की नळी एक्झॉस्टजवळून नेली तर वितळते. माझी मनोरजवळ वितळली. आणि पूर्ण रिकामी कधी ठेवू नका, पाचेक पीएसआय राहू द्या, नाहीतर रबर दुमडून फाटतं.

एक विचारू? ट्रेलरला ब्रेक आहेत ना?

मुलुंडकर_७९
नाहीत.

बोरिवली_ते_बोर्डी
१,४०० किलो, कसारा घाट, आणि ब्रेक नाहीत! वहिनी लोकलने येतात तेच बरोबर. युरोपात ७५० किलोच्या वर ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतातच. पाट्यांचे पैसे तिकडे घाला. तोवर डुलायला लागला तर ब्रेक दाबू नका, स्टेअरिंग उलटसुलट फिरवू नका. सरळ धरा, अ‍ॅक्सिलरेटर सोडा.

आरटीओ_फेऱ्या
ट्रेलरची वेगळी नोंदणी लागते, ती झाली असेल असं धरतो. लिफ्ट किटसारखे बदल करण्याआधी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. आरसीवरच्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी झाली की विमावाल्याला आयतं कारण मिळतं.

मुलुंडकर_७९
रविवारी मोजलं. अख्खी सोसायटी गॅलरीत. टाकी रिकामी, सायकली आत: काटा ६३, म्हणजे हुकावर १८९. काका, तुमचा अंदाज किलोभराने चुकला! टाकी भरून, सायकली मागे लावून: काटा ३८, म्हणजे ११४. आणि तेव्हा ट्रेलर पाण्यासकट १,५२०. साडेसात टक्के.

मग कळंबोलीला काट्यावर नेलं. नुसती गाडी, आम्ही चौघं आणि सामान: पुढे १,१८०, मागे १,०४०. रिकाम्या टाकीचा ट्रेलर जोडून: पुढे १,१००, मागे १,३१०.

टाकी अ‍ॅक्सलवर सरकवायला दिली आहे. बांधणारा म्हणाला, ‘आधी सांगायचं ना.’ काही बोललो नाही. ब्रेक दुसरीकडे बसवतोय. पाट्यांचं मग बघू.

पाटेवाला_कुर्ला
टाकी सरकली की परत फळी लावा. अजून बूड बसत असेल तर दुकानात या, एकच हलका पाटा टाकू. दोन नाही.