चुन्यात टिकणारा निळा

सेंद्रिय, म्हणजे कार्बनी संयुगांची, रंगद्रव्ये अधिक तेजस्वी असल्यामुळे असेंद्रिय, म्हणजे खनिज स्वरूपाच्या, रंगद्रव्यांचे दिवस संपत आले आहेत, या मताशी मी सहमत नाही. रंग ज्या माध्यमात मिसळायचा, ते माध्यम त्याला सोसते का, हा प्रश्न तेजाइतकाच महत्त्वाचा आहे.

चुन्याचेच उदाहरण घ्या. प्रशियन ब्लू हे लोहाचे निळे रंगद्रव्य असेंद्रिय असूनही अल्कधर्मी चुन्यात विघटन पावते आणि मागे तपकिरी लोहसंयुग उरते. याउलट अल्ट्रामरीन, म्हणजे बाजारातली नीळ, अल्कात टिकते, म्हणूनच सफेदीच्या चुन्यात चिमूटभर नीळ घालण्याची आपली रीत यशस्वी ठरली. केओलिन (पांढरी चिनी माती), सोडा, गंधक आणि कोळशासारखा क्षपणकारक (ऑक्सिजन काढून घेणारा) पदार्थ यांचे मिश्रण सुमारे ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून अल्ट्रामरीन बनवतात. अॅल्युमिनोसिलिकेटच्या (अॅल्युमिनियम, सिलिकॉन व ऑक्सिजन यांच्या) पिंजऱ्यासारख्या रचनेत अडकलेला, गंधकाच्या तीन अणूंचा विद्युतभारित आयन त्याला निळा रंग देतो. आम्लाने हा पिंजरा मोडतो, हायड्रोजन सल्फाइडचा कुजका वास येतो आणि रंग उडतो. किती सुंदर रसायनशास्त्र आहे हे!

फरसबंदीच्या सिमेंट ब्लॉकमधील लाल, पिवळा व काळा रंग मुख्यतः लोहाच्या ऑक्साइडांचा असतो, कारण ती स्वस्त असून ऊन, पाऊस आणि अल्क तिन्ही सहन करतात. मात्र पिवळ्या प्रकारात रासायनिकरीत्या बांधलेले पाणी असते. साधारण १८० अंशांच्या पुढे ते निघू लागते आणि रंग लालसर होतो, त्यामुळे अधिक तापमानाला घडवल्या जाणाऱ्या प्लास्टिकसाठी झिंक फेराइट (जस्त व लोह यांचे ऑक्साइड) निवडणे योग्य.