मदत हवी आहे: स्पायवेअरचा स्कॅन रोज रात्री लावला होता, पण तो कधी चाललाच नाही

नमस्कार,

घरात एकच लॅपटॉप आहे, विंडोज ११ चा. बाबा त्यावर बँकेचे व्यवहार बघतात, मी कामाच्या फाइल्स उघडते आणि धाकटा भाऊ त्याला हवं ते डाउनलोड करत असतो. गेल्या आठवड्यापासून ब्राउझर उघडला की भलतंच सर्च पान समोर येतं, आणि खालच्या कोपऱ्यात 'तुमच्या संगणकात व्हायरस आहे, इथे क्लिक करा' असे संदेश येतात. बाबांनी त्यातल्या एकावर क्लिक केलं. पुढच्या पानावर त्यांनी काही भरलं नाही हे नशीब. पण तेव्हापासून ते बँकेचं पान उघडायला कचरतात, आणि मला ते बघवत नाही.

त्याहून मोठा धक्का पुढे आहे. चार महिन्यांपूर्वी मी टास्क शेड्यूलरमध्ये (ठरलेल्या वेळी कामं आपोआप सुरू करणारं विंडोजचं साधन) नवं टास्क बनवलं होतं: रोज रात्री दोन वाजता डिफेंडरचा, म्हणजे विंडोजमधल्याच अँटीव्हायरसचा, फुल स्कॅन. रात्री कोणी लॅपटॉप वापरत नाही, म्हणून ती वेळ. काल उघडून बघितलं तर 'लास्ट रन रिझल्ट'समोर ०एक्स४१३०३ असं लिहिलंय. मी चार महिने सगळ्यांना सांगत होते की काळजी नको, रोज तपासणी होते.

काल हाताने क्विक स्कॅन केला, काही सापडलं नाही. तरी सर्च पान तेच. टास्क का चालत नाही, आणि स्कॅनला जे दिसत नाही ते कसं शोधायचं? कृपया सोप्या शब्दांत सांगा, बाबांनाही समजावायचं आहे.

प्रतिसाद १

०एक्स४१३०३ म्हणजे 'हे टास्क अजून एकदाही चाललेलं नाही'. बिघाड नाही, त्याला संधीच मिळाली नाही. रात्री दोनला लॅपटॉप कुठल्या अवस्थेत असतो? चालू, स्लीपमध्ये, की पूर्ण बंद? चार्जर लावलेला असतो का?

धागाकर्ती

रात्री बहुतेक वेळा शटडाउन. कधी नुसतं झाकण मिटवलेलं. चार्जर काढून ठेवतो.

प्रतिसाद १

मग उत्तर त्यातच आहे. शटडाउन केलेला संगणक टास्क शेड्यूलर उठवू शकत नाही. स्लीपमधल्याला उठवू शकतो, पण 'कंडिशन्स' टॅबमध्ये 'वेक द कॉम्प्युटर टू रन धिस टास्क' वर टिक हवी, आणि पॉवर ऑप्शन्समध्ये वेक टायमर्सना (ठरलेल्या वेळी संगणक जागा करणारी सोय) परवानगी हवी. याच टॅबमध्ये 'चार्जरवर असेल तरच सुरू कर' ही अट असते, आणि नव्या टास्कमध्ये तिच्यावर टिक आधीपासूनच असते. म्हणजे लॅपटॉप रात्री चालू राहिला असता तरी चार्जर नाही म्हणून स्कॅन अडलाच असता.

माझं स्पष्ट मत: रात्रीची वेळ सोडून द्या. ती दिवसरात्र चालू राहणाऱ्या संगणकांसाठी ठीक आहे. घरचा लॅपटॉप नक्की चालू आणि चार्जरला लावलेला असतो अशी वेळ शोधा, भले ती कामाच्या मधली असो. मग 'सेटिंग्ज' टॅबमध्ये जा. तिथे 'रन टास्क ॲज सून ॲज पॉसिबल आफ्टर अ शेड्यूल्ड स्टार्ट इज मिस्ड' असा पर्याय आहे. तो मुळात बंद असतो, आणि तुमच्यासाठी सगळ्यात मोलाचा तोच. वेळ चुकली तर संगणक पुन्हा चालू झाल्यावर स्कॅन होतो.

फुल स्कॅन रोज कशाला? क्विक स्कॅन मेमरी, आपोआप सुरू होणारे प्रोग्राम आणि मालवेअर (घातक प्रोग्राम) सहसा जिथे ठाण मांडतं त्या जागा बघतो, आणि तो लवकर आटोपतो. रिअल-टाइम संरक्षण (डिफेंडरची सतत चालणारी तपासणी) चालू असेल तर रोज क्विक पुरे. टास्कच्या 'ॲक्शन्स'मध्ये स्कॅनटाइपपुढे तुम्ही २ लिहिलं असेल, तो फुल. तिथे १ करा. फुल स्कॅन महिन्यातून एकदा, लॅपटॉप मोकळा असताना हाताने लावा.

प्रतिसाद २

वरचं सगळं बरोबर, पण सर्च पान बदलण्याचं कारण बहुधा वेगळं आहे. ब्राउझरच्या एक्स्टेन्शन्सची (त्याला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामांची) यादी उघडा आणि ओळखीचं नाही ते काढा. मग साइट सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्स बघा. कोपऱ्यातले ते 'व्हायरस' संदेश बऱ्याचदा विंडोजचे नसतातच. एखाद्या साइटला कुणीतरी 'अलाऊ' म्हटलेलं असतं आणि ती साइट ते पाठवत राहते. अशी परवानगी हा मालवेअर नव्हे, म्हणून स्कॅनला त्यात काही सापडत नाही.

फुकट प्रोग्रामबरोबर चिकटून येणाऱ्या नको असलेल्या ॲप्ससाठी वेगळं बटण आहे: विंडोज सिक्युरिटी, मग 'ॲप अँड ब्राउझर कंट्रोल', मग 'रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन'. तिथे 'पोटेन्शियली अनवॉन्टेड ॲप ब्लॉकिंग' चालू आहे का ते आजच बघा. भावाच्या डाउनलोड्ससाठी हे रोजच्या स्कॅनइतकंच गरजेचं.

मनाची खात्री हवी असेल तर 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर अँटीव्हायरस (ऑफलाइन स्कॅन)' एकदा करा. लॅपटॉप रीस्टार्ट होतो आणि विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होते, साधारण १५ मिनिटं. उघड्या फाइल्स आधी सेव्ह करा. बाबांना सांगा, त्यांनी काही भरलं नाही हे अगदी योग्य केलं. तरी बँकेचा पासवर्ड दुसऱ्या स्वच्छ उपकरणावरून बदलून घ्या.

धागाकर्ती

नोटिफिकेशन्समध्ये तीन अनोळखी साइट्स निघाल्या आणि एक 'व्हिडिओ डाउनलोडर' एक्स्टेन्शन. चारही काढलं, सर्च पान पूर्ववत झालं! अनवॉन्टेड ॲपचं बटण बंद होतं, ते चालू केलं. स्कॅन आता दुपारी दीडला ठेवलाय, तेव्हा लॅपटॉप चार्जरवर असतो. पण तो खरंच चालला हे कसं कळणार? पुन्हा चार महिने अंधारात राहायचं नाही.

प्रतिसाद १

रास्त प्रश्न. विंडोज सिक्युरिटीत 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन' उघडलं की शेवटचा स्कॅन कधी झाला आणि किती वेळ चालला ते वरच दिसतं. पक्का पुरावा इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजमधल्या घडामोडींची नोंदवही): विंडोज डिफेंडरच्या 'ऑपरेशनल' नोंदींत १००० म्हणजे स्कॅन सुरू, १००१ म्हणजे पूर्ण, १००२ म्हणजे मधेच थांबवला. १००० दिसतोय पण १००१ नाही, असं झालं तर स्कॅन पूर्ण झाला नाही, बहुधा कुणीतरी मधेच झाकण मिटतंय. टास्क शेड्यूलरमधली 'हिस्टरी'ही चालू करा, ती बंद असेल तर तिथे काहीच दिसणार नाही.

धागाकर्ती

आज १:३० ला १००० आणि काही मिनिटांतच १००१, दोन्ही नोंदी आल्या. बाबांना शेजारी बसवून दाखवल्या. पासवर्ड माझ्या फोनवरून बदलला. ऑफलाइन स्कॅन रविवारी करतेय, त्यात काही निघालं तर इथेच लिहीन. दोघांचे मनापासून आभार.